पंधरा मिनिटांची वाफ

गेल्या आठवड्यातली माझ्या पार्लरमधली गोष्ट, एका मॅडमचा हेअर स्पा चालला होता, म्हणजे केस धुवून, क्रीम लावून वाफ द्यायची. टायमर वाजला, मी वाफेचं मशीन, म्हणजे स्टीमर, बंद केला, डोक्यावरचा हूड मागे सारला, तर खाली बसलेल्या मॅडम आरशातूनच म्हणाल्या, "झालं? एवढंच?" म्हणलं हो, पंधरा मिनिटं झाली. तर म्हणे, "अहो, पुण्याला आमच्या जाऊबाई जातात तिथं पाऊण तास देतात वाफ. पैसे तर तुम्हीपण तेवढेच घेता की." भांडल्या नाहीत बरं का, आवाजसुद्धा चढवला नाही, उलट हसत हसत बोलल्या, जाताना "केस छान झाले" असंही म्हणल्या. पण ते "एवढंच" काही डोक्यातून जाईना. रात्री भाकरी थापताना तेच, झोपताना तेच. कारण वाफेच्या आधी मी त्यांचे केस दोनदा शाम्पूने धुतले होते, टॉवेलने दाबून दाबून पाणी काढलं होतं, मोठ्या दातांच्या फणीने गुंता सोडवला होता, चार भाग करून त्यातल्या बारीक बारीक बटांना क्रीम लावली होती, मान-खांदे चोळून दिले होते. त्यात सहज पाऊण तास गेला असेल. तो कुणी मोजलाच नाही. मोजली ती वाफ, कारण तिला टायमर होता.

आता पार्लरवाल्या बाईने हे लिहायचं म्हणजे स्वतःच्या धंद्याची बाजू घेतल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

हेअर स्पा या प्रकारात वाफेचं काम लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा खूप साधं आहे. कंपनीचे लोक पोस्टर देऊन जातात, त्यात केसाचं मोठ्ठं चित्र असतं आणि चारी बाजूंनी बाण आत घुसत असतात, एकावर व्हिटॅमिन, एकावर प्रोटीन. ते पोस्टर मी लावत नाही. केस मुळात मेलेला असतो, त्याला भूक नाही आणि पोटही नाही. मक्याच्या कणसावर जशी एकावर एक पानं गुंडाळलेली असतात तशी त्याच्यावर बारीक खवल्यांची साल असते, पाच ते दहा थरांची, आणि आत दोऱ्यांसारखा गाभा. केस भिजला की फुगतो, जाडीने १५ टक्क्यांच्या आसपास, लांबीने एखाद-दोन टक्के, आणि स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी पिऊन बसतो. वाफ गार केसावर आली की तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती आपल्या अंगातली उष्णता तिथंच सोडते, शाळेत शिकलो होतो बघा, एका ग्रॅमला ५४० कॅलरी. म्हणजे केसाला ओल आणि ऊब एकदम मिळते. ड्रायरची गरम हवा क्रीमला सुकवून टाकते, वाफ तिला ओली ठेवून सैल करते, मग ती नीट पसरते, आणि जिथं माझं बोट पोचलं नसेल तिथंही थोडीफार सरकते. बस. मग क्रीम चिकटते कशी, तर खराब झालेल्या केसावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन भार. जिथं केस जास्त उसवलाय तिथं ती जास्त धरते. बहुतेक माल वरच्या वरच बसतो, थोडा आत जातो. बसायच्या जागा भरल्या की उरलेली क्रीम बेसिनमध्येच जाणार, तुम्ही पंधरा मिनिटं बसा नाहीतर पाऊण तास. उलट फार वेळ फुगवून ठेवलेला केस नाजूक होतो, ओला केस रबरासारखा ताणला जातो हे कुणीही घरी करून बघावं, आणि टाळू तापून बाईला गरगरायला लागतं ते वेगळंच. पंधरा ते वीस मिनिटं पुष्कळ झाली. लई पातळ, रंगवून रंगवून गेलेले केस असतील तर मी दहावरच थांबवते.

दुसरी एक गंमत म्हणजे वाफेखाली प्लास्टिकची टोपी. कितीतरी ठिकाणी क्रीम लावून टोपी घालतात आणि मग वर स्टीमर. अहो, टोपी घातली तर वाफ केसापर्यंत जाणार कुठून? टोपी ड्रायरखाली घालायची, म्हणजे ओल उडत नाही. आणि मशीन चालू केल्या केल्या कुणाला खाली बसवायचं नाही, सुरुवातीला त्यातून गरम पाण्याचे थेंब उडतात, वाफ एकसारखी यायला लागली की मग हूड पुढे घ्यायचा. कानात कापूस, कानातले काढलेले, कारण धातू तापतो आणि मग बाई एकदम "आई गं" करून उठते. चष्मा काढायला सांगितला की काही जणी नाराज होतात, मोबाईल दिसत नाही म्हणून. काल-परवा रंग लावलेला असेल तर वाफ नाही, रंग उतरतो. केमिकलने केस गुळगुळीत करायचं ते स्मूदनिंग करून तीन दिवस झाले नसतील तर नाही. दमा, चक्कर, बीपी असलं काही सांगितलं तर मी सरळ नाही म्हणते, मालिश करून देते. टाळूवर जखम असेल, खाजवून खाजवून लाल झालेलं असेल तरीही नाही. आणि वाफ संपली की लगेच धुवायला पळायचं नाही, पाच मिनिटं नुसतं बसायचं, केस जरा निवू द्यायचे. ही पाच मिनिटं तर कुणालाच हिशोबात धरायची नसतात, गिऱ्हाईक घड्याळ बघतं, मागची थ्रेडिंगवाली खोकते.

बेसिनवर मान मागे टाकून फार वेळ ठेवायची नाही हेही मला कुणी क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. १९९३ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने अशा पेशंट्सबद्दल लिहिलं होतं, मान ताणून केस धुताना रक्तवाहिनी दाबली गेली आणि पक्षाघाताचा झटका आला, ब्युटी पार्लर स्ट्रोक असं नावच पडलंय त्याला. क्वचित होतं. पण ते वाचल्यापासून मी मानेखाली जाडजूड टॉवेल घालते, आणि मध्येच एकदा उठून बसायला लावते, "काय हो हे" म्हणल्या तरी.

माझी आजी औसा तालुक्यातली. तिच्याकडे स्टीमर नव्हता पण धुरी होती. बाळंतिणीला न्हाऊ घातलं की शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, आणि बाजेवर झोपवून केस खाली सोडायचे धुरावर. खोलीभर तो वास, डोळे चुरचुरायचे, आम्ही पोरं दारातून डोकावायचो आणि हाकलून लावले जायचो. ती कोरडी ऊब, केस वाळवायची, थंडी बाधू नये म्हणून. पण रविवारी आम्हा बहिणींना न्हाऊ घालताना ती वेगळंच करायची. आदल्या रात्री खोबरेल कोमट करून चोपडायचं, सकाळी बंबातल्या पाण्यात पंचा बुडवून पिळायचा आणि डोक्याला गच्च गुंडाळून आम्हाला अंगणात उन्हाला बसवायचं, पंचा गार झाला की परत बुडवायचा. वाफ वाफ म्हणून आम्ही पंच्यात तोंड खुपसायचो. नंतर शिकेकाई, डोळ्यात गेली की आरडाओरडा. तिला कुणी विचारलं असतं हे कशाला, तर तिने "केस मऊ राहतात" याच्यापुढे काही सांगितलं नसतं. पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं की २००३ साली मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तीन तेलं तपासली, आणि केसातलं प्रोटीन धुऊन जायचं कमी झालं ते फक्त खोबरेलने, कारण त्यातलं लॉरिक अॅसिड छोटं आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत जातं. आता खोबरेल विकणारी कंपनी खोबरेलबद्दल सांगतेय म्हणून एक डोळा बारीक करून वाचलं मी, पण पटलं. धुण्याआधी तेल लावलं की केस पाण्याने कमी फुगतो. आजीचं गणित बरोबरच होतं. पण आजीबद्दल लिहिताना लोक लगेच सगळं जुनं ते सोनं करतात, तसं काही नाही, तिच्या रिठ्याने आमचे केस झाडूसारखे व्हायचे तेही आठवतं मला.

लातूरात पार्लर चालवायचं तर क्रीमपेक्षा पाण्याचा अभ्यास जास्त लागतो.

आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे काय ते लातूरकरांना सांगायला नको, जड, क्षाराने भरलेलं. स्टीमर नवीन घेतला तेव्हा त्याच्या टाकीत मी नळाला येईल ते घालत होते, सगळेच घालतात. महिनाभरात हीटिंग एलिमेंटवर पांढरा थर, मग वाफ कमी, मग मशीन घुरघुरायला लागतं आणि एक दिवस पचकन गरम पाणी फेकतं. मेकॅनिक आला, त्याने एलिमेंट काढून माझ्या हातावर ठेवला, त्याच्यावर खरडलं तर चुन्यासारखे पापुद्रे निघत होते. त्यानेच सांगितलं, "मॅडम, बॅटरीचं पाणी घाला." म्हणजे इन्व्हर्टरमध्ये घालतो ते डिस्टिल्ड वॉटर. तेव्हापासून पाच लिटरची कॅन बेसिनखाली असते. ती संपली तर जारचं आरओ पाणी, पण बोअरचं नाही. पंधरा दिवसातून एकदा लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरून ठेवायचं, फेसाळतं बारीक, मग दोनदा साध्या पाण्याने खळबळून काढायचं, आणि रोज रात्री टाकी रिकामी करून उपडी. त्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकायचे नाहीत, हे नव्या पोरींना परत परत सांगावं लागतं, त्यांनी कुठल्यातरी रीलमध्ये बघितलेलं असतं. एलिमेंटवर जो थर बसतो तोच क्षार बायकांच्या केसांवरपण बसत असतो की, वर्षानुवर्षं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतची वेणी असेल तर तिचं टोक पाच वर्षांपूर्वीचं असतं, पाच वर्षं बोअरने धुतलेलं, उन्हात वाळवलेलं. त्याच्यावर आधी नीट शाम्पू न करता क्रीम लावली तर ती त्या थरावरच बसणार. म्हणून माझा दुसरा शाम्पू. "परत कशाला धुताय?" हे वाक्य मी रोज ऐकते.

आणि २०१६चा दुष्काळ तर विसरणंच शक्य नाही. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सगळ्या टीव्हीवर लातूर. आणि इकडे लग्नसराई. नवऱ्या मुली काय थांबणार आहेत का, तारखा वर्षभर आधी धरलेल्या. मी तेव्हा स्पाचा बोर्ड आत काढून ठेवला होता. स्टीमरला स्वतःला लिटरभरसुद्धा पाणी लागत नाही, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं धुणं म्हणजे दोन बादल्या आरामात. एक आई आपल्या मुलीला घेऊन आली, स्कूटीच्या पुढे दोन कॅन ठेवून. "पाणी आम्ही आणलंय, तुम्ही फक्त करून द्या." मला काय बोलावं कळेना. त्या पाण्यात त्यांच्या घरचा एक दिवस निघाला असता. पण पोरगी खुर्चीत बसलेली, हळदीला दोन दिवस, आणि तिचे केस इतके राठ झालेले की हात फिरवला तर खरखर आवाज येईल. केला मी स्पा. मगने मोजून पाणी घातलं, खाली टब लावला, शाम्पूचं पाणी संडासात ओतायला ठेवलं, शेवटचं जरा स्वच्छ पाणी फरशीला. क्रीम नेहमीच्या निम्मी लावली म्हणजे धुवायला कमी लागेल, आणि खरं सांगते, निकालात काही फरक पडला नाही. तेव्हापासून मी क्रीम कमीच लावते, फक्त कानाच्या खाली, टाळूला नाही. कंपनीचा माणूस जेवढी सांगतो तेवढी लागतच नाही. त्या मुलीला केस हलवून आरशात बघताना बघून आनंद झाला आणि रस्त्यावर आल्यावर रांगेतल्या घागरी बघून तोच आनंद घशात अडकला. दोन्ही खरं होतं, आजही मला त्याचा निवाडा करता येत नाही.

आता माझ्याकडे अर्ध्या गिऱ्हाईक हॉस्टेलच्या पोरी असतात. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी आलेल्या, नांदेड, बीड, धाराशिव, कुठून कुठून. गावाकडे लांब वेण्या असतात, इथं दोन-तीन महिन्यात केस गळायला लागतात, मग आई भेटायला आली की पोरीला धरून आणते, "ताई, हिचे केस बघा ओ, एवढे होते, काय राहिलं बघा. ते स्पा का काय करून द्या." अशा वेळी पैसे घेऊन गप्प बसणं सोपं असतं. पण वाफेचा आणि मुळातून गळणाऱ्या केसांचा काही संबंध नाही. वाफेने केस मऊ होईल, गुंता कमी होईल, फणीत तुटायचा थोडा कमी तुटेल, बस. गळतोय तो आतून. पोरगी रात्री दोनपर्यंत जागते, मेसचं खाते, डबा अर्धा परत जातो, पाळी कशी येते विचारलं तर खाली बघते. मी आईला म्हणते, आधी हिचं हिमोग्लोबिन तपासा, थायरॉइड तपासा, डॉक्टरला दाखवा, स्पा कुठं पळून जात नाही. काहीजणींना राग येतो. एकीला वाटलं मला करायचा कंटाळा आलाय.

आणि ज्या पोरींना परवडत नाही त्यांना मी आजीचा पंचाच सांगते. केस धुवून, पाणी गळायचं थांबेपर्यंत टॉवेलने दाबायचे, कारण निथळत्या केसाला लावलेला कंडिशनर पातळ होऊन खांद्यावर येतो. मग खालच्या अर्ध्या केसांना साधाच कंडिशनर, बोटांनी ओढून ओढून. हॉस्टेलच्या गिझरच्या गरम पाण्यात टॉवेल बुडवून घट्ट पिळायचा, चटका बसणार नाही इतका निवला की गुंडाळायचा, गार झाला की परत, असं दहा-पंधरा मिनिटं. फिजिक्सची नोट वाचत बसा तोपर्यंत. मग धुवायचं, अगदी करकरीत होईपर्यंत नाही. फाटलेली टोकं असतील तर ती कात्रीनेच जातात, कुठल्याही क्रीमने चिकटत नाहीत. हे सगळं फुकट सांगते म्हणून माझी असिस्टंट चिडते, "ताई, तुम्ही असं सांगत बसलात तर आपण काय विकायचं?" तिचं चुकत नाही. तिचा पगार त्या खुर्चीतूनच निघतो.

मला वाटतं गिऱ्हाइकाचंही तसं चुकत नाही. डोळे मिटून मान मागे टाकलेल्या बाईला काय दिसणार? मी दोनदा धुतलं का एकदा, क्रीम सगळ्या बटांना लागली का वरवर फासली, पाणी नीट पिळलं का, तिला कळायला मार्गच नाही. हातात येतं ते एकच, अमुक मिनिटं. आपण डॉक्टरकडेही तेच करतो की, पाच मिनिटात बाहेर आलो तर फी जास्त वाटते. शिवाय तिला ती वाफच हवी असेल कदाचित. हूडखाली बाहेरचं काही ऐकू येत नाही, मशीनचा सू सू आवाज तेवढा, चेहऱ्याला दमट ऊब, कपाळावरून घामाचा ओघळ, आणि कुणी "आई", "मॅडम", "सूनबाई" म्हणून हाक मारत नाही. मी बघते ना, बायका तिथं खऱ्याखुऱ्या झोपतात. घोरतात काहीजणी. एक शिक्षिका आहेत, त्या तर म्हणतात केसांचं जाऊ द्या, मला तेवढं बसू द्या. त्यांना पाऊण तास हवा असेल तर तो केसांसाठी नाहीच. मग आता मी काय करते, टायमर वाजला की मशीन बंद करते पण हूड तसाच ठेवते, पाच-दहा मिनिटं. केस निवतात, आणि बाईला वाटतं अजून चालूच आहे. असिस्टंट म्हणते ही फसवणूक आहे. मी म्हणते केस निवायलाच पाहिजेत ना, मग कुठं निवतात ते कशाला सांगत बसायचं.

परवा एक सेल्समन आला होता, नवीन मशीन घेऊन. निळा लाइट, ओझोन, मायक्रोमिस्ट, डिजिटल टायमर, साठ मिनिटांपर्यंत सेट होतो म्हणे. तो दाखवतोय आणि माझी असिस्टंट हरखून बघतेय, दिसायला खरंच भारी होतं. हप्त्यानेही मिळणार होतं. सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, मग विचारलं, याचा एलिमेंट खोलून साफ करता येतो का? तो म्हणाला, "नाही मॅडम, आतून सील आहे, काही झालं तर कंपनीत पाठवायचं, तीन आठवडे." म्हणलं दादा, आमचं पाणी बघितलंय का तुम्ही? मग जुन्याचाच नवीन एलिमेंट मागवला, साडेसहाशे रुपये, मेकॅनिक सोमवारी येतो म्हणाला.